कोयनेलचा भाऊ आणि चिंचेचा कोळ

रत्नागिरी, शुक्रवार रात्र

दुपारपासून पाऊस धरलाय. मांडवीला जाणं झालं नाही, म्हणून सेमिनारची टिपणं काढली. विषय मीच मागून घेतलेला: धातूच्या पृष्ठभागावरचं असममित हायड्रोजनीकरण, म्हणजे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंपैकी एकच जास्त निघेल असं हायड्रोजन जोडणं.

१९७९ साली जपानमध्ये ओरितो आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमवर सिंकोनिडीन बसवून मिथिल पायरुव्हेट या कीटोनचं हायड्रोजनीकरण केलं, त्यातून लॅक्टेट मिळतं. नुसतं प्लॅटिनम डावं-उजवं ओळखत नाही. दोन्ही हातांचे लॅक्टेट निम्मे निम्मे निघतात. सिंकोनिडीन असलं की उजवं पारडं जड होतं आणि त्याचा भाऊ सिंकोनीन घातला की डावं. दोघेही कोयनेलच्याच कुळातले, सिंकोनाच्या सालीतले.

पृष्ठभागावर काय घडतं ते डोळ्यांना दिसत नाही. पुस्तकात आकृत्या असतात, पण त्या फार ठामपणे काढलेल्या वाटतात मला. माझा विश्वास त्यापेक्षा रेणूची मोडतोड करून पाहणाऱ्यांवर जास्त. सिंकोनिडीनच्या क्विन्युक्लिडीन या पिंजऱ्यासारख्या भागातल्या नायट्रोजनला मिथिल जोडा, निवड संपली! म्हणजे कीटोनला धरून ठेवणारा तोच. त्याच रेणूतल्या क्विनोलिन या दोन कड्यांच्या सपाट भागाच्या जागी नॅफ्थलीन चालतं, पण एकटं बेंझीनचं कडं पुरत नाही. म्हणजे धातूवर आडवं पडायला रुंद, सपाट भाग हवाच. सिंकोनिडीनच्या ऑक्सिजनवर मिथिल लावलं तर फारसं बिघडत नाही, फिनिल लावलं तर मात्र हातच उलटतो. हे वाचून मी तासभर दुसरं काही केलं नाही.

मधेच आई डोकावली. निकेलची गोष्ट सांगितली तिला. जपानी रसायनशास्त्रज्ञ इझुमींनी राने निकेल (सच्छिद्र निकेल) टार्टारिक आम्लात बुडवून मिथिल ॲसिटोॲसिटेटवर वापरलं होतं. टार्टारिक म्हणजे चिंचेतलं आम्ल, एवढं म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "अगं, मग तुझं निकेल उजळलं असेल, तांब्याच्या कळशीसारखं." तिचं फार चुकलं नाही. बुडवताना थोडं निकेल खरोखरच विरघळतं, पाणी हिरवं होतं. नव्यानं उघडा पडलेला धातू आणि त्याला चिकटलेलं आम्ल हे सगळं एकदमच घडतं, त्यामुळे नेमकं श्रेय कोणाला द्यायचं, हे सांगणं कठीण.

इझुमींच्या त्या आम्लात सोडियम ब्रोमाइडही घालतात. आम्ल न बसलेल्या मोकळ्या जागा ते अडवतं, असं मानतात, कारण तिथे दोन्ही हातांचा माल तयार होत राहतो. प्लॅटिनमला असा पहारा लागत नाही. सिंकोनिडीनशेजारी अभिक्रिया नुसत्या धातूपेक्षा कितीतरी पट वेगानं होते, मोकळ्या जागा मागेच पडतात. सेमिनारमध्ये सुरुवात इथूनच करणार, आकृत्या मागाहून. मॅडमना आधी विचारायला हवं. त्यांना आकृत्या आवडतात.