दहा, एकवीस आणि दुसऱ्या गाडीचा ऱ्या

मुलुंडच्या एका सोसायटीच्या मेंटेनन्स बिलांसाठी मी एक चिमुकली प्रोग्रॅमिंगची भाषा लिहिलीय. सेक्रेटरीकाकांना फाइलमध्ये बिलाचे नियम लिहिता यावेत, एवढीच तिची पात्रता. त्यात एक ओळ असायची: बिल(४५००, १०, २१). आधी सेवाशुल्क. मग फ्लॅट भाड्याने दिला असेल तर त्यावर १० टक्के नॉन-ऑक्युपन्सी; सरकारी मर्यादाच तेवढी. शेवटी थकबाकीवरचं व्याज, त्या सोसायटीच्या उपविधींप्रमाणे वर्षाला २१ टक्के.

मार्चमध्ये मीच दोन आकडे उलटे टाकले. भाषेने निमूट बिलं काढली.

"अहो, भाडेकरूवाल्यांना एकवीस लावलेत," काकांचा फोन. "थकबाकीवाले मात्र खूश आहेत."

त्याच रविवारी आकड्यांना नावं घालायला बसलो: बिल(सेवा: ४५००, नॉनऑक्युपन्सी: १०, व्याज: २१). आता क्रम कसाही चालतो. मराठीत 'उंदराला मांजराने पकडलं' म्हटलं तरी शिकार कोणाची झाली ते 'ला' आणि 'ने' सांगतातच, तसं. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत हे सुख रोजचं, पीएचपी या दुसऱ्या भाषेला २०२० साली ८.० आवृत्तीत मिळालं. जावाला अजून नाही. तिथे एकेक आकडा नावाने भरून घेणारा 'बिल्डर' नावाचा वेगळा कोड लिहीत बसा.

पार्सरचं, म्हणजे फाइलमधल्या ओळी वाचून उलगडणाऱ्या भागाचं, काम तासाभरात उरकलं. जुन्या फाइली चालाव्यात म्हणून बिननावाचे आकडे आधी, नावाचे नंतर, हा पीएचपीचाच नियम उचलला. अनोळखी नाव आलं तर बिल काढायचंच नाही, असंही ठरवलं.

आणि काकांचं बिल अडलं. 'दुसऱ्यागाडीचे: ५००' हे भाषेतलंच नाव, म्हणे अनोळखी! सोसायटीच्या ऑफिसात त्यांच्या लॅपटॉपवर डोळे फाडून बघितलं, अक्षर न् अक्षर तेच. शेवटी एकेका अक्षराचे कोड छापले. माझा 'ऱ्या' नुक्त्याच्या ऱ चा, त्यांचा साध्या र ला हलन्त देऊन पुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे अक्षरं जोडणारं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर जुळी भावंडं, पण अक्षरांना कोड देणाऱ्या युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन, म्हणजे सारख्या अक्षरांचे वेगळे कोड एकसारखे करायची सोय, तीही त्यांना एक करत नाही. मग फाइल वाचतानाच मी एकाचं दुसरं करून घेऊ लागलो.

काकांना आता 'सेवा' नको, 'सेवाशुल्क' हवंय. पूर्वी आतलं नाव मी वाटेल तेव्हा बदलायचो, कुणाला पत्ता नसायचा. आता ते त्यांच्या प्रत्येक फाइलमध्ये बसलंय. तूर्त दोन्ही नावं चालतात.