टाटानगर गाडीपासून बीर हकीमपर्यंत : आमची वाटचाल

दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटातली लढाई छोट्या प्रतिकृती मांडून टेबलावर खेळणाऱ्यांना जर्मन सेनापती रोमेलचे पँझर रणगाडे आणि ब्रिटिशांच्या आठव्या आर्मीचे शर्मन रणगाडे हव्या त्या मापात मिळतात. भारतीय तुकडी मांडायची म्हटलं की पंचाईत व्हायची. ९ डिसेंबर १९४० ला इजिप्तमधल्या इटालियनांच्या निबेवा छावणीवर ब्रिटिश माटिल्डा रणगाड्यांबरोबर चालून गेली ती चौथी इंडियन डिव्हिजन. तिच्यासाठी वेगळं काही कुणी बनवत नव्हतं. आम्हा दोघा भावांना हे फार खटकायचं, आणि त्यातूनच पुण्यात अशा प्रतिकृती बनवणारा हा छोटा कारखाना उभा राहिला.

पहिली गाडी कोणती, यावर चर्चाच झाली नाही. इंडियन पॅटर्न कॅरियर! कॅनडाहून आलेली फोर्डची चासी, तिच्यावर जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातलं चिलखती पोलाद, आणि बांधणी इथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये. सैनिकांनी तिचं नाव ठेवलं ‘टाटानगर’. आपल्या देशात तयार झालेली ही चारचाकी चिलखती गाडी लढाईवर गेली, आणि खेळाच्या दुकानात तिचा पत्ता नाही, हे आम्हाला पटेना.

सुरुवातीला हाताने मूळ नमुना घडवायचो, त्यावरून सिलिकॉनचा साचा आणि साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक. हे रेझिन दमट हवेतली ओल शोषतं आणि फसफसतं. चिलखताच्या सपाट पत्र्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. म्हणून पावसाळ्यात ओतकाम बंद ठेवायचं आणि नवे नमुने घडवायचे, असा क्रम बसला. आता बरंचसं काम थ्रीडी प्रिंटरवर होतं, पण रंगावर शेवटी मारायच्या, चमक नसलेल्या मॅट व्हार्निशचा फवारा आजही जुलैत मारत नाही. दमटपणात तो पांढुरका पडतो आणि सगळं रंगकाम वाया जातं.

माटिल्डासाठी आम्ही नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलो. पुस्तकातल्या आराखड्यात ओतीव पोलादाचा खडबडीतपणा कळत नाही. तो प्रत्यक्षच पाहावा. महाराष्ट्रातल्या शौकिनांना इतक्या जवळ हे पाहायला मिळतं, त्याचा फायदा जरूर घ्या.

रंगाच्या बाबतीत आम्ही हट्टी आहोत. वाळवंट म्हणजे पिवळा रंग, एवढ्यावर भागत नाही. १९४०-४१ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांवर तिरक्या, सरळ कडांच्या पट्ट्यांचे तीन रंग होते : पोर्टलँड स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट. यातला सिल्व्हर ग्रे कित्येक वर्षं लोक आकाशी निळा रंगवत आले. खरा रंग हिरवट झाक असलेला करडा, आणि आम्ही तोच देतो. जर्मन गाड्या १९४१ च्या फेब्रुवारीत त्रिपोलीला उतरल्या त्या युरोपातल्या गडद करड्या रंगात. वाळूचा रंग नंतर चढला. तेव्हा त्या काळातल्या पँझरच्या कडांवरून पिवळा खरवडून खालचा करडा दाखवला, की गाडी बोलू लागते. धूळ मात्र शेवटी, कोरड्या रंगपुडीने, चाकांकडून वर विरळ होत जाणारी.

मापाबद्दल गिऱ्हाईक नेहमी विचारतात. १:५६ मध्ये, म्हणजे खऱ्या गाडीच्या छप्पन्नाव्या भागाइतकी, माटिल्डा साधारण १० सेंटिमीटरची होते, रंगवायला सुरेख. पण वाळवंटात आडोसा नाही, नजर दूरवर जाते. सहा बाय चार फुटांच्या टेबलावर अशा मोठ्या गाड्या खेटून उभ्या राहतात आणि मोकळ्या मैदानाचा डाव उरतच नाही. खेळायचं असेल तर १:१०० घ्या, कपाटात मांडायचं असेल तर १:५६. महाग माल खपावा म्हणून आम्ही याउलट सांगत नाही.

सध्या लिबियाच्या वाळवंटातल्या बीर हकीम या ठाण्याजवळच्या लढाईचा संच हातात आहे. २७ मे १९४२ च्या पहाटे त्या ठाण्याच्या आग्नेयेला तिसऱ्या इंडियन मोटर ब्रिगेडवर इटलीची आरिएते ही रणगाड्यांची डिव्हिजन चाल करून आली. दुसऱ्या इंडियन फील्ड रेजिमेंटच्या २५-पौंडी तोफा तयार झाल्या आहेत, तोफचीही. समोरचे इटालियन एम १३/४० रणगाडे अजून प्रिंटरवर आहेत. त्यांच्या रिव्हेटांच्या रांगा मनासारख्या उठल्या, की संच विक्रीला ठेवू.