नऊ वाक्यांचा कागद

काका ऑफिसात आले ते समोरच्या वकिलाचे कागद मिळाल्यापासून सत्ताविसाव्या दिवशी, पुठ्ठ्याची फाइल काखेत मारून. नात्यातले नव्हेत, आमच्या वकीलबाईंचे अशील. मी इथे अमेरिकेत बाईंकडे पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे. दुसऱ्या राज्यातल्या पुरवठादाराने फरश्यांच्या बिलापायी काकांवर फेडरल, म्हणजे केंद्रीय कोर्टात दावा लावला होता.

समोरच्या वकिलाने तीन गोष्टी मागितल्या होत्या. इंटरॉगेटरीज, म्हणजे शपथेवर उत्तरं द्यायचे प्रश्न. फेडरल नियमांत त्यांची मर्यादा २५, आणि स्वतंत्र पोटप्रश्नही त्यातच मोजतात. कागदपत्रांच्या मागण्यांचा जाडजूड गठ्ठा. काकांनी महिनाभर तोच उपसला होता. आणि तिसरा एक कागद, फक्त नऊ वाक्यांचा: 'हे मान्य करा'.

"त्यात काय उत्तर द्यायचं गं? सगळं खोटंच आहे," म्हणत तो त्यांनी फाइलच्या तळाशी सारला होता.

माझ्या पोटात गोळा आला. मौन म्हणजे संमती असं आपण लग्नाच्या बैठकीत म्हणतो. इथे ते फेडरल नियमांतल्या नियम ३६ मध्येच आहे. ३० दिवसांत लेखी उत्तर गेलं नाही, तर वाक्य मान्य केलं असं धरतात आणि त्या दाव्यापुरता विषय संपतो. मागे घ्यायचं तर कोर्टाची परवानगी.

चौथं वाक्य होतं: 'मागवलेली सर्व १,२०० खोकी तुम्हाला सुस्थितीत मिळाली.' काकांना त्यावर सरळ 'नाही' लिहायचं होतं. पण तसंही चालत नाही. वाक्यातलं जेवढं खरं तेवढं मान्य करावं लागतं. बाईंनी लिहिलं: १,२०० खोकी मिळाली हे मान्य, सुस्थितीत मिळाली हे अमान्य, १८० फुटकी होती.

गठ्ठ्याच्या बाबतीत मी जुन्या फाइलीतली 'मागणी फार व्यापक आहे' ही हरकत उचलून चिकटवली होती. बाईंनी लाल पेनाने काट मारली. नियमांच्या २०१५ च्या दुरुस्तीपासून हरकतीचं नेमकं कारण द्यावं लागतं, आणि तिच्यापोटी काही कागद राखून ठेवलेत का तेही सांगावं लागतं. (नऊ वर्षं हे काम करतेय, तरी हात शिवशिवतोच.)

मग काकांचा फोन. मुलगा त्यातले जुने मेसेज पुसणार होता, 'जागा होत नाही' म्हणून. बाईंना एवढा आवाज चढवताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

नशिबाने सगळे होते. त्यात काकांचाच एक मेसेज, ट्रक आला त्या संध्याकाळचा: 'माल मिळाला. छान आहे.'

"हाही द्यायचा?" काका.

"हो काका. तो तर द्यायलाच लागेल."

ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. "खोकी तेव्हा उघडलीच नव्हती गं," म्हणाले आणि बोटाने खाली सरकवत गेले. तीन दिवसांनंतरचे फोटो निघाले. एकोणीस.