पायरीवरची फक्की

खो-खोचे मैदान 27 बाय 16 मीटरचे असते आणि गेली चौदा वर्षे माझ्या बहुतेक संध्याकाळी त्याच्या कडेला उभे राहून ओरडण्यात गेल्या आहेत. सांगली जिल्ह्यातील आमच्या मंडळात जानेवारी 2025 नंतर मुली अधिक येऊ लागल्या. दिल्लीतला पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला होता आणि महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राची होती, हे त्यांना तोंडपाठ होते.

त्यांच्यातली सातवीतली एक मुलगी साखळी सुरेख खेळायची. बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी पळताना तिचा तोल कधी जात नसे, परंतु खांबापाशी ती हमखास बाद होई. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही आणि धरलेली दिशा खांब गाठल्याशिवाय बदलता येत नाही, त्यामुळे खरा घात खांबापाशीच होतो. महिनाभर मी "वाक, वळ, मागे बघ" असे ओरडत होतो. त्या संध्याकाळी ती पुन्हा बाद झाली, तेव्हा तिला बाजूला घेऊन मी प्रथमच विचारले, "खांबाजवळ येताना तुला काय दिसतं?"

ती बराच वेळ गुडघ्यावरची माती नखाने खरवडत राहिली. तेवढे थांबणेही मला जड गेले. मग म्हणाली, "सर, तुम्ही ओरडलात की मी तुमच्याकडे बघते."

मला मनापासून वाईट वाटले. पुढच्या 7 मिनिटांच्या डावात मी तोंड मिटून उभा राहिलो. खांबापाशी हूल देऊन ती दोनदा सुटली.

घरी पोहोचलो तेव्हा अण्णा काठी टेकून ओट्याच्या पायरीवर थबकले होते. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला दोन महिने झाले होते आणि चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी शस्त्रक्रियेचा, हे फिजिओथेरपिस्टने दिलेले सूत्र मी त्यांना रोज मोठ्याने ऐकवत असे. सवयीने तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या लक्षात आले की अण्णा पायरीकडे नव्हे, माझ्या चेहऱ्याकडे बघत आहेत.

मी जवळ जाऊन विचारले, "अण्णा, इथं आल्यावर नेमकं काय होतं तुम्हाला?"

तेही लगेच बोलले नाहीत. "पाय नाही रे दुखत आता," ते अखेर म्हणाले, "दिवेलागणीला पायरीची कडच दिसत नाही."

ओटा आणि पायऱ्या एकाच काळसर शहाबादी फरशीच्या आहेत. दोन महिने मी त्यांना भित्रे समजत होतो. गाडीच्या डिकीत मैदान आखायची फक्की होती. मूठभर घेऊन मी तिन्ही पायऱ्यांच्या कडांवर पांढरी रेघ ओढली. दवाने ती पुसली जाणार, म्हणून रविवारी ऑइलपेंट लावला.

अण्णांनी रेघेवर नजर ठेवून शस्त्रक्रियेचा पाय खाली टेकवला. ओठांवर आलेले "सावकाश" मी गिळले आणि ते अंगणात उतरेपर्यंत नुसता शेजारी उभा राहिलो.