आमची वाटचाल: दारात आलेला प्रत्येकजण ग्राहक

नळ, शॉवर आणि टाइल्स विकण्याचा आमचा व्यवसाय लहानच आहे. पण त्याच्या वाटचालीत आम्ही सर्वाधिक मेहनत कशावर घेतली असेल, तर ग्राहकाच्या कपड्यांवरून त्याची ऐपत न ठरवण्यावर. या धंद्यात तसा अंदाज हमखास चुकतो, कारण हाताला सिमेंट लागलेला गवंडी किंवा प्लंबरच पुष्कळदा कोणता माल बसवायचा हे ठरवतो, आणि घरमालकही अनेकदा बांधकामावरून थेट, धुळीने माखलेल्या कपड्यांनिशीच येतो.

पाहताक्षणी मत बनणे हा मनुष्यस्वभाव आहे. जानीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह या मानसशास्त्राच्या संशोधकांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा भागच दिसला तरी माणसे त्याच्या विश्वासार्हतेविषयी मत बनवतात. जास्त वेळ मिळाला तर ते मत फारसे बदलत नाही, उलट त्याबद्दलची खात्री वाढते. त्यामुळे ‘भेदभाव करू नका’ अशी नुसती ताकीद देऊन भागत नाही, कामाची पद्धतच बदलावी लागते, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही आधी वैयक्तिक कमिशन बंद केले. ते असले की विक्रेता मोठी खरेदी करणारा हेरतो आणि साध्या वेशातला माणूस ताटकळत राहतो. जास्त विक्री करणारे सहकारी यावर नाराज झाले. त्यांची तक्रार रास्त होती, म्हणून मूळ पगार वाढवला. प्रत्येक वस्तूवर किंमत लावली, ती सर्वांना एकच.

खरा फरक मात्र पहिल्या प्रश्नाने पडला. ‘बजेट किती?’ याऐवजी आमचा विक्रेता विचारतो, ‘टाकी शॉवरपासून किती उंचीवर आहे?’ दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब साधारण एक बार (बार हे दाब मोजण्याचे एकक) मिळतो. टाकी दोन-तीन मीटरच वर असेल, तर मोठ्या दाबाचा शॉवर कितीही श्रीमंताच्या घरी नीट चालणार नाही. टाइल्स दाखवतानाही तो टाइल उलटी करून मागच्या बाजूवर पाण्याचा थेंब टाकतो. भिंतीची सच्छिद्र टाइल तो थेंब पाहता पाहता शोषून घेते. व्हिट्रिफाइड, म्हणजे भाजून काचेसारख्या घट्ट केलेल्या, टाइलवर तो तसाच राहतो, कारण तिची शोषणक्षमता ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसते. हे प्रात्यक्षिक प्रत्येकाला दाखवायचे, मग तो एक नळ घेणारा असो वा अख्ख्या इमारतीचा माल घेणारा.

ग्राहक एका विक्रेत्याकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा सोबत एक चिठ्ठी जाते. तिच्यावर टाकीची उंची, पाइपचा व्यास, जमीन ओली राहते की कोरडी, एवढेच लिहिलेले असते. ‘पांढऱ्या शर्टवाले’ किंवा ‘गाडीतून आलेले’ असे वर्णन लिहायला आमच्याकडे मनाई आहे.