बिनविरोध

रविवार. रात्रीचे साडेअकरा वाजून गेलेत.

गांजाचं औषध रुग्णांना मिळावं म्हणून झटणाऱ्या आमच्या संस्थेची सभा काल झाली, मी अध्यक्ष झाले. आज दिवसभर एकच शब्द दाताखाली खडा यावा तसा येतोय. बिनविरोध.

इतिवृत्तात तो एका ओळीत उरकेल. अध्यक्षपदासाठी एकच अर्ज आला, छाननीत वैध ठरला, सबब निवड बिनविरोध. चिटणीसताईंनी ते वाचलं आणि टाळ्या वाजल्या. त्या टाळ्यांचंच काहीतरी खटकलंय मला. फार पटकन वाजल्या. ताईंचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. मी समोर बसले होते, सगळे चेहरे दिसत होते. आनंद होता का? होता, थोडाफार. पण जास्त करून सुटल्यासारखं वाटणं होतं. तीन महिने "पुढे कोण?" म्हटलं की ज्या माना खाली जायच्या, त्या काल वर आल्या.

कारणं खरी आहेत, मला माहीत आहेत. एकाची नोकरी अशी की संस्थेच्या कागदावर गांजा हा शब्द आणि त्याच्या खाली याची सही, हे जमणारच नाही. एकीच्या घरी लग्न ठरायचंय. एकीला स्वतःलाच उठून बसायला दोन माणसं लागतात. कोणाला काय बोलणार? आमच्याकडेही पहिला प्रश्न तोच आला, नाव छापून येणार का गं? त्याबद्दल आज लिहायचं नाही.

पण मला वाटलं होतं निवडणूक होईल. निदान दोन अर्ज येतील. मी हरले असते तरी चाललं असतं, हे मनापासून लिहितेय. हे काम आणखी कोणालातरी हवंय, इतकं हवंय की तो माझ्याविरुद्ध उभा राहतोय, एवढं दिसलं असतं तरी मी त्याच्या हाताखाली आनंदानं पत्रं टाइप केली असती. झालं असं की ओझं वाटेत पडलं होतं, मी वाकले, आणि बाकीचे हलक्या हातांनी घरी गेले. रात्री जेवताना हेच मनात होतं. रडूही आलं थोडं. लेकीसमोर नाही.

निवडणूक होणार म्हणून भाषण लिहिलं होतं. चार दिवस खपून, हाताने, दीड पान. सभेत त्याची गरजच पडली नाही. "दोन शब्द बोला" म्हणाले तेव्हा मी आभार मानले आणि बसले. कागद पर्समध्येच राहिला. आत्ता काढून समोर ठेवलाय. चार घड्या, आणि मधल्या घडीवर शाई उडालीये, नेमकी आकड्यांवर.

सुरुवात मतदानापासूनच केली होती मी. २ डिसेंबर २०२०, व्हिएन्ना, संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थ आयोग. १९६१च्या करारात गांजाला हेरॉइनच्या बरोबरीने सर्वांत कडक यादीत, चौथ्या अनुसूचीत बसवलं होतं. औषध म्हणून फारसं मोल नाही असं धरून चालणारी यादी. तिथून काढायचं की नाही यावर मतं पडली. २७ बाजूने, २५ विरोधात, एक तटस्थ. म्हणजे दोन मतांचा फरक, आणि साठ वर्षांचा शिक्का पुसला गेला. पहिल्या अनुसूचीत तो आजही आहे, नियंत्रण सुटलेलं नाही, हेही लिहिलं होतं. पण त्या दिवशी पंचवीस देशांनी स्पष्ट नको म्हटलं आणि तरीही झालं, म्हणून त्या "हो"ला वजन आहे. माझ्या "हो"ला कशाचं वजन?

हे लिहिल्यावर कळतंय की टाळ्यांचं दुःख वरवरचं आहे. खाली दुसरंच काहीतरी आहे.

भाषणाच्या दुसऱ्या पानावर एक परिच्छेद होता. तो मी सहा वेळा खोडून पुन्हा लिहिला. "यापुढे आपल्या संस्थेच्या नावाने 'गांजाच्या तेलाने कॅन्सर बरा होतो' हे वाक्य जाता कामा नये." बस, एवढाच. त्याच्यापुढे कारणं. केमोच्या मळमळीवर ड्रोनॅबिनॉल आणि नॅबिलोन या, गांजातल्या द्रव्यासारखंच द्रव्य असलेल्या, गोळ्यांना अमेरिकेत १९८५ मध्येच मान्यता मिळाली, ते छातीठोकपणे सांगा. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारात आखडलेले स्नायू सैल पडतात, सांगा. ड्रावे सिंड्रोमच्या, म्हणजे लहानपणापासूनच्या अवघड अपस्माराच्या, १२० मुलांवर आणि तरुणांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये छापून आली, सीबीडी (गांजातलं नशा न आणणारं द्रव्य) घेणाऱ्यांचे झटके महिन्याला मध्यक, म्हणजे सगळ्यांत मधला आकडा, १२.४ होते ते ५.९ वर आले, नुसतं दिसायला तसंच द्रावण घेणाऱ्यांचे १४.९ चे १४.१. हे सांगा, आणि त्याच दमात हेही सांगा की झटके पूर्ण थांबले ते फक्त शंभरातल्या पाचांचे. आमची लेक त्या पाचांत नाही. तिच्या वहीत झटक्यांच्या उभ्या रेघा अजून पडतात. आधी पान भरायचं, आता पानावर एकदोन रेघा असतात. माझ्यासाठी हे सगळं जग बदलणं आहे, पण "बरी झाली" असं मी कुठेही लिहिणार नाही.

बाटल्यांचंही लिहिलं होतं. २०१७ मध्येच अमेरिकेत ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या ८४ सीबीडी उत्पादनांची तपासणी झाली होती. लेबलवर लिहिलं तेवढंच आत, असं निघालं जेमतेम ३१ टक्क्यांत. १८ बाटल्यांत टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं द्रव्य, सापडलं. लहान मुलाला देताना आपण काय देतोय हे आईला माहीत नसावं? मग आपण मागणी कशाची करायची? "मोकळं करा" एवढीच, की तपासलेलं, मोजलेलं, डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळणारं औषध?

यावर सभेत भांडण झालं असतं. मागच्या रांगेतले तिघे तरी उठले असते. त्यांतल्या एकाचे वडील गेले, आणि शेवटपर्यंत त्याचा तेलावर विश्वास होता. त्याला मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. पण भांडून, मतं मोजून, मी निवडून आले असते तर तो परिच्छेदही निवडून आला असता. आता फक्त मी निवडून आलेय. माझं म्हणणं पर्समध्ये आहे.

आणि ते मी वाचलं नाही, कारण टाळ्या वाजत होत्या आणि त्या क्षणी मला त्या हव्या होत्या. हे खरं कारण. दुपारपासून त्याच्या भोवती फिरतेय.

*

पावणेएक.

मधेच फोन वाजला. संस्थेचा. काकांनी, म्हणजे आधीच्या अध्यक्षांनी, काल सभेनंतर माझ्या हातात ठेवला, "चार्जर जुना आहे, सांभाळून घे," एवढंच म्हणाले आणि चपला शोधायला लागले. नऊ वर्षं तो त्यांच्या उशाशी होता. आत नावं कोणाचीच नाहीत. कोणाची ओळख उघड होऊ नये म्हणून काकांनी नंबर दुखण्यांवर साठवलेत. "केमो मळमळ, मुलगा बोलतो." "ड्रावे मुलगी ६." "पाठ, रात्रीच फोन." "फक्त ऐकायचं." हा शेवटचा वाचून मी जरा वेळ तशीच बसले होते.

फोनवर एक आई होती. मुलगा आठ वर्षांचा, झटक्यांवरची क्लोबाझाम गोळी चालू आहे, डॉक्टरांना न सांगता दोन आठवड्यांपासून सीबीडीचं तेल सुरू केलंय. झटके कमी झालेत पण पोरगा दिवसभर पेंगतोय, घास तोंडात धरून झोपतो. म्हणून उद्यापासून क्लोबाझाम बंदच करते, म्हणाली. केवढ्या खुशीत सांगत होती.

माझे हात गार पडले. म्हटलं, ताई, ती गोळी एकदम थांबवायची नाही. अजिबात नाही. एकदम थांबवली तर झटक्यांमागून झटके येऊ शकतात. सीबीडीमुळे शरीरात क्लोबाझामचं पुढचं रूप साचत जातं, म्हणून तो पेंगतोय, आणि कोणता डोस किती कमी करायचा हे रक्त तपासून डॉक्टरच सांगतील. सकाळी उठल्यावर पहिलं काम ते. तेलाचंही सांगायचं, लपवायचं नाही. आणि आता तो नीट श्वास घेतोय ना, हलवल्यावर जागा होतोय ना, ते बघा. नसेल होत तर सकाळची वाट बघू नका, आत्ताच न्या. ती गेली, हाक मारली, त्याने कुरकुर केली ती मला फोनवर ऐकू आली. मग म्हणाली, डॉक्टर रागावतील हो. म्हटलं, रागावू देत. मग दोघीही काही बोललो नाही. मग ती म्हणाली, पण तुमच्याच लोकांनी मला सांगितलं होतं की हे नैसर्गिक आहे, याने काही होत नाही.

तुमच्याच लोकांनी.

माझी निवड बिनविरोध होती की चुरशीची, हे तिला विचारायचं नव्हतं. तिच्या लेखी ते वाक्य माझंच आहे, मी म्हटलेलं असो वा नसो. अमेरिकेतल्या रॉबर्ट रँडलची आठवण झाली. काचबिंदूने दृष्टी जाणार होती, घरी गांजाची रोपं लावली, पकडला गेला, आणि १९७६ मध्ये कोर्टाने मानलं की त्याला हे औषध म्हणून लागतं. त्याला सरकारकडून औषध मिळायला लागलं होतं, गप्प बसता आलं असतं. त्याने १९८१ मध्ये बाकीच्यांसाठी संस्था काढली. त्याला तरी कोणी मत दिलं होतं?

रडू वगैरे गेलं आता. टाळ्यांचंही फारसं काही वाटत नाहीये. सुटले तर सुटले बिचारे, नऊ वर्षं काकांकडे बघून त्यांना पुरतं कळलंय यात काय आहे. मलाही कळलं होतं, आणि मी अर्ज भरला. कोणी हात धरून भरवला नव्हता.

गुरुवारी कार्यकारिणीची पहिली बैठक आहे. विषयपत्रिकेत पहिला विषय म्हणून तो परिच्छेद टाकलाय, चिटणीसताईंना आत्ताच मेसेज केला. शेवटी लिहिलं, यावर मतं घ्यायचीच, आवाजी नको, हात वर करून. मागच्या रांगेतल्या त्याला मी आधी घरी जाऊन भेटणार आहे. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

नवा नंबर साठवला: "क्लोबाझाम, झोप, मुलगा ८. सकाळी ९ ला आपण करायचा."

चार्जरची वायर खरंच आखूड आहे. उशीपर्यंत पोचत नाही. उशी पायथ्याशी घेतलीये.