'सही जुळत नाही': आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या नोंदणीचा अनुभव

संघ रजिस्टर होऊन दोन महिने झाले, पण ते टेबल आठवलं की माझं डोकं अजून तापतं. कुणी असा संघ काढायच्या विचारात असेल तर त्यांचे हेलपाटे वाचावेत म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव कृष्णाकाठचं. मी 68 वर्षांची. रोज सकाळी घाटावर आम्ही बारा-तेरा जण जमायचो. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, कठडा धरून एका पायावर उभं राहायचं, मग थोडं चालणं आणि भरपूर गप्पा. 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करावेत, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्याचं मोल आम्हाला चांगलं ठाऊक आहे. आमच्यातल्या एक वहिनी न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्यानंतर त्या घाटावर आल्याच नाहीत. पावसाळ्यात घाट निसरडा होतो, म्हणून नगरपरिषदेचा एक रिकामा पडलेला हॉल मागितला. "नोंदणीकृत संस्था असाल तर देऊ," असं उत्तर आलं.

घटना, नियमावली, जागामालकाचं संमतीपत्र, लाइटबिल हे सगळं वकिलांनी आठ दिवसांत करून दिलं. किमान सात संस्थापक सभासद लागतात, ते तर घाटावरच होते. आपल्याकडे अशी संस्था 1860 च्या कायद्याखाली सोसायटी म्हणून आणि 1950 च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणून, अशी दोन्हीकडे नोंदवतात. फाइल घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणच्या नोंदणी कार्यालयात गेलो.

तिथे सात सह्यांपैकी एका सहीवर बोट ठेवलं गेलं. "ही जुळत नाही. पॅनवर बघा आणि इथं बघा."

सही नानांची होती. नाना 83 वर्षांचे, बँकेतून निवृत्त झालेले. पॅनवरची सही पंचवीस वर्षांपूर्वीची, एका दमात केलेली, शेवटी लांब शेपूट असलेली. आता त्यांचा हात थरथरतो. अक्षरं तीच, पण प्रत्येक रेघेला बारीक लाटा. मी सांगितलं, वयामुळे हात कापतो, माणूस तोच आहे. फाइल परत आली.

दुसऱ्या खेपेला नानांनाच घेऊन गेलो. 75 च्या पुढच्यांना 2022 पासून एस.टी. मोफत आहे आणि आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खर्चाचं काही नव्हतं. पण दीड तासाचा प्रवास करून आलेला 83 वर्षांचा माणूस अकरापासून अडीचपर्यंत पाठ नसलेल्या बाकावर बसून होता. साहेब मीटिंगमध्ये. शेवटी टेबलावरच्या माणसाने मला हळूच सांगितलं, "बाई, आजोबांना वगळा ना. कुणी साठीतला घाला, काम आजच होईल." नानांना ऐकू चांगलं येतं.

मला रडू आलं. ज्येष्ठांच्या संघातून म्हातारा म्हणून माणूस वगळायचा? मग संघ कुणासाठी काढायचा? 2011 च्या जनगणनेतच देशात साठीच्या पुढचे दहा कोटींहून जास्त लोक होते. त्यातल्या थरथरत्या हाताचा हा काही पहिलाच माणूस त्या टेबलासमोर आला नसेल!

येताना एस.टी.त मी धुसफुसत होते. नाना म्हणाले, "त्याचं चुकलं नाही गं. सही जुळली नाही म्हणून मीही चेक परत केलेत. पण कुणाला जा म्हणून सांगितलं नाही. पुढं काय करायचं ते सांगायचो."

तिसऱ्या खेपेला "अंगठा लावा" झालं. नाना नाही म्हणाले. "सही येते मला." घरी त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानांमागे सराव सुरू केला होता. ती पानं मी पाहिली आहेत: वरच्या ओळीत सही कागद सोडून पळालेली, खाली खाली येत जरा सावरलेली. जाड बुंध्याचं पेन घ्यायचं, कोपरापासून मनगटापर्यंत हात टेबलावर टेकवायचा आणि सकाळी, थकवा यायच्या आत सही करायची, हे त्यांनी स्वतःच शोधून काढलं.

चौथ्या खेपेला टेबलावर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं: दोन्ही सह्या माझ्याच आहेत असं नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करा आणि पेन्शनचं खातं आहे त्या बँकेतून सही पडताळणीचं पत्र आणा. दोन दिवसांचं काम! त्यासाठी आमचे सात आठवडे गेले. 1 ऑक्टोबरला, जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाला, हॉल उघडायचा होता, तेही हुकलं.

तेव्हा वयस्क सभासदांची ही दोन कागदपत्रं पहिल्याच दिवशी फाइलला लावा. प्रत्येक त्रुटी लेखी मागा. आम्ही तोंडी ऐकत बसलो तिथेच फसलो. आणि हो, आधारवरचं नाव आणि घटनेतलं नाव अक्षर न् अक्षर एक आहे ना ते पाहा. आमच्या एका काकांच्या नावातली वेलांटी आयत्या वेळी सापडली. वयस्क माणूस सोबत असेल तर पाठीला लावायला उशी न्या. कुणी ज्येष्ठ एकटे असतील आणि कुठे अडले असतील तर 14567 ही एल्डरलाइन आहे, मोफत आहे.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार हॉलमध्ये व्यायाम असतो. पडलेल्या वहिनी वॉकर घेऊन येतात आणि खुर्चीवर बसून हाताचे व्यायाम करतात. खजिनदार नाना आहेत. बँकेत संघाचं खातं उघडताना नमुना सही द्यायला आम्ही त्यांना बँक उघडताच नेलं, आणि त्यांनी आपलं जाड पेन खिशातून काढलं.